थुंब्याचे अंतराळ संग्रहालय कसे पाहावे

केरळच्या सहलीला निघालेली मराठी कुटुंबे बहुधा पद्मनाभस्वामींचे दर्शन घेतात, कोवळमच्या किनाऱ्यावर एक संध्याकाळ काढतात आणि कन्याकुमारी करून परततात. तिरुवनंतपुरम शहराच्या उत्तरेला, समुद्राला लागूनच असलेल्या थुंबा या मासेमारांच्या गावाचे नाव त्यांच्या यादीत क्वचितच असते. त्याच गावातील सेंट मेरी मॅग्डलीन चर्चच्या वास्तूत आज इस्रोचे अंतराळ संग्रहालय आहे, आणि भारताचा अंतराळ कार्यक्रम प्रत्यक्ष जिथे सुरू झाला ती जागा हीच. हे संग्रहालय आकाराने लहान आहे. मोठ्या महानगरांतील झगमगत्या दालनांची अपेक्षा घेऊन आलेला माणूस अर्ध्या तासात बाहेर पडतो आणि 'ठीक होते' असे म्हणतो. हीच जागा नीट पाहिली तर तीन तासही अपुरे पडतात. ती नीट कशी पाहावी, त्यासाठी घरून काय तयारी करून जावे आणि आत गेल्यावर कोणत्या वस्तूपुढे किती थांबावे, हे पुढे सांगितले आहे. शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांना आणि मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांना त्याचा विशेष उपयोग व्हावा.

जाण्याआधीची व्यवस्था

पहिली गोष्ट ही लक्षात ठेवावी की हे संग्रहालय विक्रम साराभाई अंतराळ केंद्राच्या आवारात आहे. हे केंद्र म्हणजे अग्निबाण घडवणारी सरकारी संस्था असून तेथील सुरक्षाव्यवस्था कडक आहे. त्यामुळे तिकीट काढून थेट आत, असा प्रकार येथे गृहीत धरू नये. प्रवेशाचे दिवस, वेळा, ओळखपत्राचे नियम आणि गटांसाठी लागणारी परवानगी हे सारे केंद्राच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून, शक्यतो निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा तपासूनच जावे. एखाद्या जुन्या प्रवासवर्णनात दिलेल्या वेळेवर विसंबू नये. प्रत्येकाने मूळ ओळखपत्र बरोबर ठेवावे, लहान मुलांसाठी शाळेचे ओळखपत्र किंवा आधार कार्ड घ्यावे. शाळेची सहल असेल तर मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र, विद्यार्थ्यांची व शिक्षकांची नावे, गाडीचा क्रमांक आणि भेटीची तारीख ही माहिती बऱ्याच आधी पाठवून लेखी होकार मिळवावा आणि त्याची छापील प्रत जवळ बाळगावी. परदेशी नागरिकत्व असलेले मराठी आप्त बरोबर असतील, तर त्यांच्यासाठीचे नियम वेगळे असू शकतात, हे त्यांना आधीच विचारून घेण्यास सांगावे.

मोबाइल, कॅमेरे आणि मोठ्या पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतील असे समजूनच तयारी करावी. छायाचित्रे काढता येणार नाहीत या शक्यतेने हिरमुसण्याचे कारण नाही. प्रत्येकाच्या हाती एक लहान वही आणि पेन्सिल द्यावी. समोरच्या वस्तूचे चित्र काढू लागलेले मूल तिच्याकडे जितके बारकाईने पाहते, तितके ते छायाचित्र काढताना पाहत नाही, आणि परत आल्यावर शिक्षकांना चर्चेसाठी ती वही फार उपयोगी पडते.

मुंबईहून जाणाऱ्यांना लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणारी नेत्रावती एक्सप्रेस सोयीची आहे. ती कोकण रेल्वेने पनवेल, रत्नागिरी, मडगाव करत दुसऱ्या दिवशी तिरुवनंतपुरमला पोहोचते, त्यामुळे कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांनाही तीच जवळची पडते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, याचे भान ठेवावे. केरळात जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी पाऊस येतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा व ईशान्येकडचा पाऊसही पडतो. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. तिरुवनंतपुरमच्या मुख्य स्थानकावरून थुंब्याला रिक्षाने किंवा टॅक्सीने सहज जाता येते, विमानतळ तर त्याहूनही जवळ आहे. चालकाला नुसते 'इस्रो' असे सांगू नये, कारण या शहरात इस्रोच्या अनेक जागा आहेत. 'थुंबा, चर्चमधले स्पेस म्युझियम' असे स्पष्ट सांगावे.

घरी करून जायची तयारी: थुंबाच का?

संग्रहालयात पाऊल ठेवण्यापूर्वी मुलांना एका प्रश्नाचे उत्तर ठाऊक असले पाहिजे, आणि ते म्हणजे हीच जागा का निवडली. माझ्या मते थुंब्याच्या भेटीचा सगळा अर्थ या एका प्रश्नात आहे. तो सुटला की आतल्या साऱ्या वस्तू एकमेकींशी जोडल्या जातात. तो न सुटता आत गेले तर अग्निबाणांच्या प्रतिकृती नुसत्याच एकामागून एक डोळ्यांखालून जातात.

पृथ्वीच्या भौगोलिक विषुववृत्ताप्रमाणेच तिचे एक चुंबकीय विषुववृत्तही आहे. या रेषेवर टांगलेली चुंबकसूची खाली किंवा वर न कलता अगदी आडवी राहते, म्हणजे तेथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर असते. या रेषेच्या दोन्ही बाजूंच्या अरुंद पट्ट्यात, जमिनीपासून सुमारे १०० ते ११० किलोमीटर उंचीवर, दिवसा आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित कण असलेल्या वरच्या थरात, विजेचा एक जोरदार प्रवाह वाहतो. त्याचा अभ्यास करायचा तर उपकरणे तिथवर न्यावी लागतात, आणि अडचण नेमकी येथेच येते. संशोधनाचे फुगे सहसा तीस-चाळीस किलोमीटरच्या वर जात नाहीत, तर उपग्रह इतक्या खाली टिकू शकत नाहीत. मधल्या या थरात पोहोचणारे साधन एकच, ते म्हणजे सरळ वर जाऊन, वाटेत मोजमापे घेऊन खाली कोसळणारा लहान अग्निबाण. थुंबा त्या काळी या चुंबकीय विषुववृत्ताच्या अगदी जवळ होते, शिवाय पश्चिमेला मोकळा समुद्र असल्यामुळे खाली पडणाऱ्या भागांचा लोकवस्तीला धोका नव्हता. मुलांना नकाशावर थुंबा शोधायला लावावे आणि समुद्राची दिशा त्यांच्याकडूनच काढून घ्यावी.

ही जागा शोधण्याच्या कामात डॉ. विक्रम साराभाईंबरोबर कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या मुलांना आवर्जून सांगावी. जागा मिळाली, पण तिथे मासेमारांची वस्ती होती, त्यांची घरे होती आणि त्यांचे चर्चही होते. तेव्हाचे बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्याकडे साराभाई गेले. बिशपांनी रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी गावकऱ्यांपुढे हा विषय ठेवला आणि गावकऱ्यांनी संमती दिली. चर्चमध्ये आणि बिशपांच्या निवासस्थानात केंद्राचे काम सुरू झाले. गावकऱ्यांसाठी दुसरीकडे घरे आणि नवे चर्च उभारण्यात आले. एखाद्या गावाने आपले देवघर विज्ञानासाठी मोकळे करून दिले, याचे मोल मुलांना आत शिरण्यापूर्वीच कळलेले असावे, म्हणजे ती दारात आल्यावर आपोआप हळू आवाजात बोलू लागतात.

आत गेल्यावर आधी वास्तू पाहा

बहुतेक माणसे दारातून शिरताच पहिल्या काचेच्या पेटीकडे वळतात. तसे करू नये. आधी बाहेरच थांबून चर्चचा दर्शनी भाग पाहावा, आत गेल्यावर मधोमध उभे राहून छप्पर, कमानी आणि खिडक्या पाहाव्यात, आणि येथे १९६३ साली काय चालले असेल याची कल्पना करावी. याच छताखाली तरुण अभियंते परदेशातून आलेले अग्निबाणाचे सुटे भाग जोडत होते. त्यांतले अनेक जण नुकतेच अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन आले होते. ए. पी. जे. अब्दुल कलाम त्यांत होते, तसेच पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे हेही त्या पहिल्या तुकडीतले. काळे पुढे १९९४ ते १९९९ या काळात याच विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले.

येथे घडलेली मुख्य घटना २१ नोव्हेंबर १९६३ ची. त्या संध्याकाळी 'नायके-अपाचे' नावाचा दोन टप्प्यांचा अमेरिकी अग्निबाण थुंब्याहून उडाला आणि सुमारे २०० किलोमीटर उंचीवर पोहोचला. त्याच्यासोबत फ्रान्सहून आलेले सोडियमची वाफ सोडणारे उपकरण होते. उड्डाणासाठी संध्याकाळ का निवडली, हा प्रश्न मुलांना येथे जरूर विचारावा आणि उत्तर लगेच सांगू नये. जमिनीवर अंधार पडलेला असतो, पण इतक्या उंचीवर सूर्याचे किरण अजून पोहोचत असतात. त्या किरणांत सोडियमची वाफ नारिंगी रंगाने चमकते; रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळट नारिंगी रंग तो हाच. खालून काळोख्या आकाशात तो ढग स्पष्ट दिसतो, वेगवेगळ्या ठिकाणांहून त्याची छायाचित्रे घेता येतात, आणि तो कसा पसरतो, कुठे सरकतो यावरून त्या उंचीवरच्या वाऱ्याचा वेग व दिशा काढता येते. दिवसाउजेडी हा ढग दिसला नसता. मध्यरात्री त्याच्यावर सूर्यप्रकाश पडला नसता. इतके समजले की 'पहिला अग्निबाण उडाला' हे वाक्य पाठ करण्याची गरज राहत नाही, कारण तो का उडवला हे कळलेले असते.

त्या काळातल्या वस्तू आणि छायाचित्रे पाहताना मुलांना वहीत एक छोटासा तक्ता करायला लावावा: काय आले आणि कोणत्या देशातून आले. अग्निबाण अमेरिकेचा, सोडियमचे उपकरण फ्रान्सचे, संगणक आणि हेलिकॉप्टर सोव्हिएत संघाचे. क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून अमेरिका व सोव्हिएत संघ युद्धाच्या काठावर आले, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. अशा काळात या दोघांची यंत्रसामग्री केरळच्या एका वाळूच्या पट्ट्यावर एकत्र काम करत होती. २ फेब्रुवारी १९६८ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी हे प्रक्षेपण केंद्र संयुक्त राष्ट्रसंघाला अर्पण केले, त्यामागची पार्श्वभूमी या तक्त्यावरून मोठ्या मुलांच्या ध्यानात येते.

सायकल आणि बैलगाडी यांची गल्लत

भारतीय अंतराळ कार्यक्रमाविषयी दोन छायाचित्रे सर्वत्र फिरत असतात. एकात सायकलवरून अग्निबाणाचे टोक नेले जात आहे, दुसऱ्यात बैलगाडीवर एक उपग्रह ठेवलेला आहे. समाजमाध्यमांवर ही दोन्ही एकत्र टाकून खाली 'गरिबीतून चंद्रापर्यंत' अशा अर्थाचे काहीतरी लिहिलेले असते. पाहुण्यांबरोबरच्या गप्पांतही हेच ऐकू येते. या दोन्हींतला फरक समजावून सांगणे हे मार्गदर्शकाचे किंवा पालकांचे काम आहे.

सायकलचे चित्र थुंब्याचे, १९६० च्या दशकातले, आणि ते फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी टिपलेले आहे. तेव्हा साधने खरोखरच तुटपुंजी होती, वाळूतल्या वाटांवर वाहने फारशी नव्हती आणि हलका भाग सायकलवरून नेणे हा सरळ मार्ग होता. बैलगाडीचे चित्र मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनंतरचे, 'ॲपल' या दळणवळण उपग्रहाचे आहे. हा उपग्रह १९ जून १९८१ रोजी युरोपच्या 'एरियान' अग्निबाणातून अवकाशात गेला. त्याच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती, आणि भोवती मोटारीचे धातूचे मोठे सांगाडे असते तर मोजमापात गडबड झाली असती. म्हणून लाकडी गाडी मुद्दाम वापरली. ते चित्र एका अचूक प्रयोगाचे आहे, गैरसोयीचे नाही. जे बुद्धीने केले त्याला अगतिकता म्हणणे हा त्या अभियंत्यांवर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. मुलांना हा फरक कळलाच पाहिजे.

अग्निबाणाची प्रतिकृती कशी वाचावी

संग्रहालयातला सर्वांत मोठा भाग अग्निबाणांचा. येथे घाई करू नये. पण प्रत्येक प्रतिकृतीपुढे सारखाच वेळही घालवू नये. दोन कुळे आधी ओळखून घ्यावीत.

पहिले कूळ 'रोहिणी' अग्निबाणांचे, म्हणजे वातावरणाचा वेध घेऊन परत खाली येणाऱ्यांचे. त्यांच्या नावातला आकडा हा मिलिमीटरमध्ये दिलेला व्यास असतो: आरएच-७५, आरएच-२००, आरएच-५६०. ही किल्ली हाती आली की मुले स्वतःहून पाट्या वाचू लागतात. आरएच-७५ हा भारतात बनलेला पहिला अग्निबाण २० नोव्हेंबर १९६७ रोजी उडाला, आणि त्याचा व्यास साडेसात सेंटीमीटर. मुलांना दोन्ही हातांच्या बोटांनी तेवढे वर्तुळ करून दाखवायला सांगावे. पुढे मोठमोठ्या अग्निबाणांपर्यंत गेलेली वाट एवढ्याशा नळीपासून सुरू झाली, हे त्या हाताच्या वर्तुळातून जितके कळते तितके पाटी वाचून कळत नाही. आरएच-२०० तर आजही थुंब्याहून उडतो. तो सुमारे ७० किलोमीटर उंचीवर जाऊन तांब्याच्या अत्यंत बारीक तारांचे पुंजके सोडतो, रडार त्यांचा मागोवा घेते आणि त्यावरून वाऱ्याचे मोजमाप होते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी या अग्निबाणाने सलग दोनशेवे यशस्वी उड्डाण पूर्ण केले. त्याचे उड्डाण सामान्य लोकांना पाहू देण्याची सोय आपल्या भेटीच्या सुमारास आहे का, हे केंद्राच्या संकेतस्थळावर अवश्य पाहावे, आणि असल्यास सारा प्रवास त्या तारखेभोवती आखावा.

दुसरे कूळ उपग्रह कक्षेत सोडणाऱ्या प्रक्षेपकांचे. येथे मोठ्या माणसांचीही एक समजूत दुरुस्त करावी लागते. 'नायके-अपाचे १९६३ सालीच २०० किलोमीटर उंच गेला होता, मग भारताला स्वतः उपग्रह सोडायला १९८० का उजाडले?' हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर असे की वर जाणे आणि वर राहणे या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. २०० किलोमीटर उंची गाठण्यासाठी, हवेचा विरोध सोडून दिला तर, सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेग पुरतो. परंतु त्याच उंचीवर पृथ्वीभोवती फिरत राहायचे तर सेकंदाला जवळजवळ ७.८ किलोमीटर इतका आडवा वेग लागतो. वेग चौपटीच्या आसपास गेला की त्यासाठी लागणारी ऊर्जा पंधरापट होते. सतरा वर्षे गेली ती या पंधरापटीत. आठवी-नववीच्या मुलांना हा हिशोब वहीत प्रत्यक्ष करायला लावावा, गतिज ऊर्जेचे सूत्र त्यांना शाळेत शिकवलेले असतेच.

मग एसएलव्ही-३ या भारताच्या पहिल्या उपग्रह प्रक्षेपकापुढे थांबावे, आणि येथे मात्र मनसोक्त वेळ द्यावा. चार टप्पे, चारही टप्प्यांत घन इंधन, उंची २२ मीटर, वजन १७ टन, आणि एवढ्या सगळ्याने कक्षेत न्यायचे ओझे फक्त ४० किलो. १० ऑगस्ट १९७९ चे पहिले उड्डाण फसले. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत गेला आणि स्वतःच्या बळावर उपग्रह सोडणाऱ्या मोजक्या देशांत भारत जाऊन बसला. प्रतिकृतीवर टप्प्यांचे जोड कुठे आहेत ते मुलांना बोटाने दाखवायला सांगावे. खालचा टप्पा जळून गेल्यावर निरुपयोगी झालेले वजन टाकून द्यावे लागते, म्हणून टप्पे असतात. प्रतिकृतीचे प्रमाण पाटीवर दिलेले असेल तर तिची उंची मोजून खरी उंची काढावी, नसेल तर २२ मीटर या आकड्यावरून उलट प्रमाण काढावे. हा छोटा खेळ मुलांना फार आवडतो.

या अग्निबाणाचे इंधन हा मराठी माणसाने विशेष लक्ष देऊन पाहावा असा विषय आहे. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर इंग्लंडमधले काम सोडून साराभाईंच्या बोलावण्यावरून १९६७ मध्ये थुंब्याला आले आणि घन इंधनाच्या संशोधनाचे नेतृत्व त्यांनी केले. १९७९ ते १९८५ ते या केंद्राचे संचालक होते, म्हणजे एसएलव्ही-३ चे यश त्यांच्याच कारकिर्दीतले. घन इंधन म्हणजे दारूगोळ्याची भुकटी, अशी अनेकांची कल्पना असते. आजच्या प्रक्षेपकांतले घन इंधन प्रत्यक्षात खोडरबरासारखे घट्ट पण लवचिक असते. ऑक्सिजन पुरवणारे अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियमची पूड एका रबरी बंधकात कालवून ते मिश्रण कवचात ओततात आणि तापवून पक्के करतात. मधोमध आरपार पोकळी ठेवलेली असते, इंधन त्या पोकळीच्या भिंतीपासून बाहेरच्या दिशेने जळत जाते, आणि पोकळीचा आकार गोल आहे की चांदणीसारखा, यावर कोणत्या क्षणी किती रेटा मिळणार हे ठरते. म्हणजे एकदा पेटवल्यावर विझवता न येणाऱ्या या इंजिनाचे नियंत्रण आधीच, साच्याच्या आकारातच केलेले असते. इंधनाचे तडे किंवा हवेचे बुडबुडे इतके का टाळावे लागतात, तेही येथेच कळते: तडा गेला की जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो आणि कवचातला दाब सहनशक्तीपलीकडे जातो. इंधनाच्या मोटरचा छेद मांडलेला दिसला तर त्याचे चित्र काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पीएसएलव्ही, जीएसएलव्ही आणि एलव्हीएम-३ या नंतरच्या मोठ्या प्रक्षेपकांविषयी मुलांना बहुधा बरेच ठाऊक असते, तेव्हा येथे थोडक्यात आवरले तरी चालेल. पीएसएलव्हीत घन, द्रव, घन, द्रव असे आलटून पालटून चार टप्पे आहेत, एवढे मात्र दाखवावे. त्याची उंची ४४ मीटर आणि त्याच्या मोठ्या आवृत्तीचे वजन सुमारे ३२० टन. एसएलव्ही-३ च्या १७ टनांशी हा आकडा ताडून पाहिला म्हणजे पुढच्या दशकांत काय घडले याचा अंदाज येतो.

उपग्रहांच्या दालनात

घरात जुनी दोन रुपयांची नोट असेल तर ती जरूर बरोबर न्यावी. तिच्या मागच्या बाजूला जे यंत्र छापलेले आहे, तो 'आर्यभट्ट', भारताचा पहिला उपग्रह. वजन ३६० किलो, २६ पृष्ठभागांचा जवळजवळ गोल आकार. १९ एप्रिल १९७५ रोजी तो सोव्हिएत संघातील कापुस्तिन यार येथून कक्षेत गेला. नोट प्रतिकृतीशेजारी धरून मुलांना पृष्ठभाग मोजायला सांगावे आणि इतक्या बाजू कशासाठी, असे विचारावे. त्या बाजूंवर सौरघट बसवलेले होते, आणि उपग्रह स्वतःभोवती फिरत असताना कोणती ना कोणती बाजू सूर्याकडे असावी लागते. त्याच्या वीजपुरवठ्यात काही दिवसांतच बिघाड झाला आणि शास्त्रीय प्रयोग थांबले, हेही सांगावे. पहिल्या उपग्रहाचे हे अपयश लपवण्यासारखे नाही. तो बांधताना जी माणसे तयार झाली त्यांनीच पुढचे उपग्रह बांधले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करून द्यावी. कक्षेत गेलेला उपग्रह सहसा परत येत नाही, तेव्हा समोर दिसते ती बहुधा प्रतिकृती असते, किंवा फार तर चाचणीसाठी बांधलेला नमुना. कोणती वस्तू अवकाशात जाऊन आलेली, कोणती चाचणीची आणि कोणती केवळ प्रदर्शनासाठी केलेली, हे तेथील कर्मचाऱ्यांना विचारावे. सौजन्याने विचारलेल्या नेमक्या प्रश्नाला तेथील माणसे आपुलकीने उत्तरे देतात.

उपग्रहांवरचे सोनेरी आवरण पाहून 'हे खरे सोने का?' असे मुले विचारतातच. तो बहुधा पॉलिइमाइड नावाच्या पिवळसर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, त्याच्या एका बाजूला ॲल्युमिनियमचा मुलामा असतो आणि वरून पाहिल्यावर तो सोन्यासारखा दिसतो. असे अनेक थर एकमेकांवर ठेवून मध्ये जाळी घालतात. अवकाशात हवा नसल्यामुळे उष्णता मुख्यतः प्रारणानेच येते आणि जाते, आणि हे थर ती वाट अडवतात.

चंद्रयान-३ च्या प्रतिकृतीपुढे गर्दी होणारच. २३ ऑगस्ट २०२३ ची ती संध्याकाळ मुलांनी दूरदर्शनवर पाहिलेली असते. विक्रम लँडरचे नाव ज्यांच्यावरून आले, त्या साराभाईंच्या स्वप्नाने जिथे आकार घेतला त्या इमारतीत आपण उभे आहोत, एवढे सांगितले की पुरे. ३० डिसेंबर १९७१ रोजी साराभाईंचे निधन झाले तेही येथून फार दूर नव्हे, कोवळमला. पुढच्या वर्षी या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

बाहेर पडल्यावर

संग्रहालयातून थेट हॉटेलवर जाऊ नये. 'वेळी' या जवळच्या ठिकाणी किंवा शंखुमुखमच्या किनाऱ्यावर ओली सपाट वाळू शोधावी, भरती-ओहोटीची वेळ आधी पाहून ठेवावी, आणि काठीने एक मीटर व्यासाचे वर्तुळ काढावे. ही पृथ्वी. मग मुलांना विचारावे की नायके-अपाचे या वर्तुळाच्या काठापासून किती वर गेला होता. बहुतेक मुले हातभर अंतर दाखवतात. खरे उत्तर दीड सेंटीमीटरहून थोडे अधिक. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर, म्हणजे तीन सेंटीमीटर. दूरचित्रवाणीचे उपग्रह ज्या भूस्थिर कक्षेत असतात ती ३५,७८६ किलोमीटरवर आहे, म्हणजे या वाळूत काठापासून पावणेतीन मीटरहून थोडे पुढे. आणि चंद्र? त्याच्यासाठी २७ सेंटीमीटर व्यासाचे वर्तुळ काढावे लागेल आणि ते तीस मीटर दूर जाऊन काढावे लागेल. एका मुलाने पृथ्वीजवळ उभे राहावे आणि दुसऱ्याने तीस मीटर पावले मोजत चालत जावे. पाठ्यपुस्तकातल्या चित्रांत पृथ्वी आणि चंद्र शेजारीशेजारी छापलेले असतात, त्यामुळे मनात बसलेले चुकीचे चित्र या एका चालण्याने पुसले जाते.

काही कारणाने थुंब्याला प्रवेश मिळाला नाही, परवानगी आली नाही किंवा त्या दिवशी केंद्र बंद निघाले, तरी दिवस वाया घालवण्याचे कारण नाही. तिरुवनंतपुरम शहरात पीएमजी चौकाजवळ केरळ राज्य विज्ञान व तंत्रज्ञान संग्रहालय आहे आणि त्याच आवारात प्रियदर्शिनी तारांगण आहे. लहान मुलांसाठी हाताळून पाहण्याची उपकरणे तिथे अधिक आहेत, त्यामुळे आठ वर्षांखालील मूल बरोबर असेल तर दोन्ही ठिकाणांचा एकत्र बेत करणे उत्तम: सकाळी थुंबा आणि दुपारच्या जेवणानंतर तारांगण. तारांगणाच्या खेळांची भाषा आणि वेळ आदल्या दिवशी दूरध्वनी करून विचारून घ्यावी आणि खेळ सुरू होण्याच्या किमान वीस मिनिटे आधी पोहोचावे.